अकरा लाल टोपणं

३ फेब्रुवारी

जागा निघाली. पर्यावरणीय भूजीवशास्त्र, सहायक प्राध्यापक, कायम. आणि कुठे, तर त्याच विभागात, जिथून सहा वर्षांपूर्वी मी दोन खोकी उचलून बाहेर पडले आणि दारापर्यंत सोडायलाही कोणी आलं नाही.

सकाळी तासाला निघता निघता वाचलं. मग वर्गात उभी राहून दगड, गाळ आणि त्यात राहणारे जिवाणू यांच्या संसाराबद्दल पन्नास मिनिटं बोलले. काय बोलले देव जाणे. मुलं मात्र मान खाली घालून लिहून घेत होती.

ही वही घरी येताना घेतली. या वेळी सगळं तारीखवार लिहायचं. मागच्या वेळी मी लिहून ठेवलं नाही, विश्वास ठेवला, आणि माझी तीन वर्षं दुसऱ्यांच्या नावावर छापून आली.

तर पहिल्यापासून. माझे मार्गदर्शक, सर. त्यांचा लाडका विद्यार्थी, ज्याला मी मनात लाडोबा म्हणते आणि आता वहीतही म्हणणार. तळ्याच्या तळातला गाळ नळ्या खुपसून काढायचा, गोठवायचा, थराथरांत कापायचा आणि कुठल्या थरात कोणते जिवाणू राहतात ते बघायचं, असं काम. मला विभागात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. होडीत मी आणि होडीवाली मावशी, दोघीच. सर काठावर छत्रीत. लाडोबा त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नात मिरवत होता. अकरा नळ्या मी खुपसल्या, मी उपसल्या, अकराच्या अकरा नळ्यांना टोपणं मी लावली. लाल तळाला, पांढरं वर, ही आमच्या पहिल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेली शिस्त. माझ्या हाताखालून एक नळी चुकीची गेलेली नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

पुढे नळ्या कापल्या लाडोबाने, कारण यंत्राची किल्ली त्याच्याकडे. माझ्याकडे आल्या त्या नंबर घातलेल्या कुप्या. त्यांतून तीन वर्षं जिवाणू मी मोजले. पेपर आला तेव्हा नावं दोन. सर आणि लाडोबा. "प्रत्यक्ष तळ्यावरचे सर्व काम दुसऱ्या लेखकाने केले." मी शेवटी, आभारांत, होडीवालीच्या नंतर.

पेपर गाजला. खालच्या जुन्या गाळात आर्सेनिकवर जगणारे जिवाणू भरपूर, वरच्या नव्या गाळात जवळजवळ नाहीत. म्हणजे विष जुनं, तळं आपलं आपण स्वच्छ होतंय. त्याच्या जोरावर पाणी खात्याने काठच्या वस्तीला तळ्याचं पाणी नळाने दिलं. सरांचा सत्कार झाला. मी घरी बसून टाळ्या ऐकल्या.

५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो कवळ्या बनवतो, दिवसभर साच्यांत दुसऱ्यांचे दात बसवत असतो. म्हणाला, "जागेसाठी अर्ज करतेयस की भांडणासाठी?"

"एका अर्जात दोन्ही होतं."

"तुझ्यासारखं दात धरणारं गिऱ्हाईक मिळालं ना, तर माझी कवळी जन्मात निखळायची नाही."

हसले. पण खरं तेच आहे. जागा तर हवीच. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडेन, मग तासाच्या हिशोबाने शिकवत म्हातारी होणार. ही शेवटची. पण जागेच्याही आधी मला ती चाळीस मिनिटं हवी आहेत. उमेदवाराने सगळ्या विभागासमोर व्याख्यान द्यायचं असतं आणि मध्ये कोणी बोलायचं नसतं. चाळीस मिनिटं सर पहिल्या रांगेत आणि तोंड मिटून. एवढ्यासाठी मी अनवाणी जाईन.

११ फेब्रुवारी

अर्ज गेला. संध्याकाळी फोन वाजला तर सर.

"अर्ज पाहिला तुझा. बरं वाटलं. मी समितीत नाही, माझाच विद्यार्थी उमेदवार आहे ना." म्हणजे लाडोबाही आहे. असणारच. "कशी आहेस? एकदा भेटायचं होतं तुला."

"व्याख्यानाला भेटूच की सर."

"त्याआधी."

"त्याआधी वेळ नाही."

फोन ठेवला. म्हातारा पाणी जोखायला बघतो.

१९ फेब्रुवारी

आज जे झालं ते सावकाश लिहिते, नाहीतर अक्षर वेडंवाकडं येईल.

व्याख्यानात जुन्या नळ्यांचं एखादं चित्र हवं म्हणून विभागात गेले. कोल्ड रूम अजून मामांकडेच आहे. सगळे त्यांना मामाच म्हणतात, भाचा मात्र कोणी नाही. "ताई, तुम्ही! या, या, कोट घाला आधी, आत गारठा आहे." चौथ्या नळीचा न कापलेला अर्धा भाग त्यांनी कोपऱ्यातून काढून दिला. त्या नळीचं तेवढंच उरलंय. पांढऱ्या टोपणाकडचा भाग. पेपरात ज्या टोकाला सगळ्यात जुना, अंदाजे दीडशे वर्षांपूर्वीचा थर म्हटलंय, ते टोक.

पांढऱ्या टोपणाकडचा? मी दोनदा बघितलं. पांढरं तर वर असतं.

टोपण काढलं, वरचा बर्फ खरवडला. गाळात निळा दोरा. नायलॉनचा. मासे पकडायच्या जाळ्याचा तुकडा, करंगळीएवढा.

दीडशे वर्षांपूर्वी नायलॉन! मी त्या गारठ्यात उभी राहून एकटी हसत सुटले. मामा घाबरून आत आले. लाडोबाने नळ्या उलट्या कापल्या! सगळ्या! लाल म्हणजे तळ हे शेंबडं पोरही सांगेल आणि या शहाण्याने तळाला शेंडा समजून नंबर घातले. म्हणजे अख्खा पेपर उलटा. आणि थरांचं वय काढायची चाचणी "पुढच्या टप्प्यात" म्हणून ढकलली होती, नाहीतर तेव्हाच पकडला गेला असता.

तीन फोटो काढले, मामांना शेजारी उभं करून. नळी परत सील केली, त्यांची सही घेतली. ते म्हणाले, "काय सापडलं एवढं?"

"वाढदिवसाची भेट सापडली मामा."

"कोणाच्या?"

"सरांच्या."

२० फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती हसूच घेऊन. अठरा वर्षांच्या पोरीला प्रेमपत्र आल्यावर होतं तसं झालंय. 

कोणालाही सांगायचं नाही. आत्ता सांगितलं तर सर सावध होतील, दुरुस्तीचं दोन ओळींचं पत्र छापून मोकळे होतील, वर कौतुक करून घेतील. व्याख्यानात. सगळ्यांसमोर. पहिल्या रांगेत.

२ मार्च

पाच जणांना बोलावलंय. माझं व्याख्यान १८ एप्रिलला, लाडोबाचं आदल्या दिवशी. तो बिचारा तोच पेपर मिरवणार आणि मी दुसऱ्या दिवशी त्याच पडद्यावर नायलॉन दाखवणार. बाहेरून तज्ज्ञ म्हणून एक बाई येणार आहेत. फार कडक म्हणे. उत्तम.

नुसत्या दोऱ्यावर भागणार नाही. नवी नळी काढून आणायला हवी. मामांना फोन केला, देतो म्हणाले.

१२ मार्च

मामांकडून नळ्या आणि टोपणं आणली. पिशवी हातात देताना म्हणाले, "लाल वर लावा हं ताई."

मी म्हटलं, "लाल खाली, मामा."

"नाही हो. आपल्याकडे लाल वर. मी लागलो तेव्हापासून, तीस वर्षं झाली. तुम्ही आलात ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात छापील लेबलं सुरू झाली, रंगाची गरज संपली, म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं नसेल."

आज आणखी काही लिहीत नाही.

१४ मार्च

तळ्यावर जाऊन आले. होडीवाली तशीच आहे, केस पिकलेत एवढंच. मला लगेच ओळखलं. "आलात का बाई परत? मला वाटलं मोठ्या झालात तुम्ही."

मधोमध जाऊन नळी खुपसली, उपसली. तिने धरली, मी टोपण लावलं. हात आपोआप लाल खालीच लावायला गेला. मी थांबले.

"लावा की," ती म्हणाली. "मागच्या वेळीही लाल खालीच लावत होतात. मी विचारलं होतं, तर म्हणालात, लाल म्हणजे तळ, विसरू नका मावशी. मी नाही विसरले."

काय स्मरणशक्ती असते काही लोकांना.

परत येताना घरी चला म्हणाली. नको म्हणता येईना. तिची सून महिनाभराची बाळंतीण, मांडीवर मुलगी. अंगावरचं पुरत नाही म्हणून बाटली. "नळ आल्यापासून सुटलो बघा," मावशी सांगत होती. "आधी विहिरीपर्यंत जायला लागायचं. तरी बाळाला उकळूनच देतो आम्ही." मला तांब्याभर पाणी दिलं. मी म्हटलं, मला सर्दी आहे, माझी बाटली आहे.

उकळून आर्सेनिक जात नाही. ते मला माहीत आहे. पण नळी अजून तपासायची आहे, नुसत्या दोऱ्यावरून असं काही बोलणं जबाबदारीचं नाही. आणि चार वर्षं पितायत ते पाणी. पाच आठवड्यांत काय होणार आहे.

१५ मार्च

ठीक आहे. लिहून टाकते, ही वही माझीच आहे.

त्यांचा नियम लाल वर. मी लावलं लाल खाली. लाडोबाने नियमाप्रमाणे कापलं. चूक त्याची नाही.

पण कोणाला माहीत आहे? पेपरात छापलंय की तळ्यावरचं सर्व काम दुसऱ्या लेखकाने केलं. दुसरा लेखक लाडोबा. म्हणजे टोपणं लाडोबाने लावली. हे मी म्हणत नाही, ते दोघं म्हणतात, छापून, सहीनिशी. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा. एक, चूक स्वतःच्या माथी घ्यायची. दोन, कबूल करायचं की होडीत ते नव्हतेच, ती होती, आणि आम्ही तिचं काम ढापलं. कुठूनही गेले तरी खड्डाच. मी सहा वर्षं बसून आखलं असतं तरी असा सापळा जमला नसता.

मला फक्त गप्प बसायचंय. गप्प बसायचं यांनीच तर मला शिकवलं.

२५ मार्च

नव्या नळीचे आकडे आले. वरच्या दोन बोटांत जिवाणू नुसते बुजबुजलेत, आर्सेनिक मर्यादेच्या चौपट. तळाशी काही नाही. तळं बिघडत चाललंय, वरचेवर जास्त. शंकेला जागा नाही.

आलेख फार सुंदर आला. लाल रेघ वर चढत जाते. लाडोबाच्या आलेखावर ठेवून बघितला तर आरशातलं प्रतिबिंब.

२७ मार्च

नवऱ्याशी भांडण. तो आलेख टेबलावर बघत होता. विचारलं म्हणून सांगितलं, सगळं नाही, एवढंच की पाणी वाईट आहे आणि हे व्याख्यानात सांगणार.

"मग त्या होडीवालीला सांगितलंस का?"

"व्याख्यान झालं की सगळ्यांनाच कळेल."

"तीन आठवडे आहेत त्याला."

"आधी फुटलं तर सरांना कळेल. सगळं मुसळ केरात."

त्याने हातातला साचा खाली ठेवला. "तू तिच्या घरी पाणी प्यायलीस का?"

मी आलेख उचलून घेतला. तो उठून बाहेर गेला, चपला न घालता. यांना काय कळतंय. सहा वर्षं मी घरात रोज काय गिळलं ते याने कधी विचारलं होतं?

२८ मार्च

विचारलं होतं. रोज विचारायचा. कालचं ते खोटं लिहिलं गेलं.

पाणी खात्याचा नंबर शोधून ठेवला. १८ तारखेला दुपारी पहिला फोन तोच.

९ एप्रिल

सर कॉलेजवर आले. आमच्या त्या स्टाफरूममध्ये, जिथे तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली असते, तिथे सर! बारीक झालेत. इतर शिक्षक उठून उभे राहिले, मी राहिले नाही.

"त्या पेपरबद्दल बोलायचं होतं," म्हणाले. "निवृत्त होण्याआधी काही गोष्टी निस्तरायच्या आहेत. तुझं नाव जायला नको होतं. मी पत्र लिहिलंय त्या नियतकालिकाला, तू वाचावंस आणि मग..."

खिशातून पाकीट काढत होते. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "सर, माझा तास आहे. पत्र तुमच्याकडेच ठेवा. अठरा तारखेला वाचू."

"एकदा वाच तरी."

"नको."

नऊ दिवस आधी पाझर फुटला! मला नावाची भीक नको आहे. मला त्यांचा चेहरा बघायचाय. जिन्यावरून ते कठडा धरून उतरत होते तो आवाज तास संपेपर्यंत कानात होता.

१७ एप्रिल

लाडोबाचं व्याख्यान मागच्या रांगेतून ऐकलं. नवा सूट. "मी स्वतः काढलेल्या अकरा नळ्या." मी स्वतः! थंडीत होडीत बोटं कशी बधिर होतात त्याचंही वर्णन केलं, आणि ते वाक्य माझं आहे, मीच त्याला एकदा चहाला बसलो असताना सांगितलं होतं. बाहेरच्या बाई टिपणं काढत होत्या.

बोल बाबा. बोलून घे.

१८ एप्रिल

झालं.

क्रमाने लिहिते. हॉल भरलेला. सर पहिल्या रांगेत, शेजारी लाडोबा. मामासुद्धा दारापाशी उभे. वीस मिनिटं मी शहाण्यासारखं बोलले. मग काल लाडोबाने दाखवलेला आलेख लावला. मग नायलॉन. मग नवी नळी. मग दोन्ही आलेख एकमेकांवर.

मी म्हटलं, "नळ्या उलट्या कापल्या गेल्या. पेपराचा निष्कर्ष बरोब्बर उलटा आहे."

 सरांकडे बघितलं. सहा वर्षं ज्या चेहऱ्याची वाट पाहिली तो समोर होता आणि त्यावर काय होतं? सुटका झाल्यासारखं काहीतरी. डोळे मिटून त्यांनी मान हलवली. मला तर रागच आला. असा नव्हता ठरला तो चेहरा.

बाहेरच्या बाई उभ्या राहिल्या. "नळ्या या विभागाच्या नियमाप्रमाणे लाल वर धरून कापल्या असतील, तर टोपणं लावतानाच चूक झाली. टोपणं कोणी लावली?"

इथे मला गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं माझं. मी बसले गप्प. सर खुर्चीचा हात धरून उठायला लागले. पण त्यांच्या आधी लाडोबा उठला. पांढराफटक. ओठ कोरडे.

"मी," तो म्हणाला. "टोपणं मी लावली. घाईत उलटी लागली असतील. चूक माझी."

सापळा लागला होता. मान आत होती. आणि मला काय झालं कोण जाणे. डोक्यात एकदम काहीतरी तडकलं. हा, माझी तीन वर्षं घेतलेला, माझी बोटं बधिर झालेली घेतलेला, हा आता माझी चूकही घेणार? तीही याच्या नावावर?

"खोटं!" मी ओरडले. माइक होता, सगळ्यांनी दचकून बघितलं. "तू होडीत नव्हतास! तू लग्नात होतास! टोपणं मी लावली, लाल खाली, अकराच्या अकरा, या हातांनी. ती चूक माझी आहे. माझी!"

 मग सर उभे राहिले आणि म्हणाले, "ती खरं बोलते आहे. होडीत हा नव्हता आणि मीही नव्हतो. काम तिचं होतं. नाव आम्ही काढलं. मी काढलं." आणि खाली बसले.

बाहेरच्या बाईंनी आणखी दहा प्रश्न विचारले. कोणी लावली, कोणी कापली, कोणी मोजलं, नाव कोणाचं. सगळ्यांची उत्तरं दिली. केव्हा कळलं, हे कोणीच विचारलं नाही.

बाहेर आले. नवरा फाटकाशी उभा होता, न सांगता आलेला. काय झालं ते सांगितलं तर इतका हसला की डोळ्यांतून पाणी. "चूक माझी म्हणून भांडलीस? जगात दुसरी कोणी आहे का गं तुझ्यासारखी?"

घरी येऊन झोपले ते थेट संध्याकाळी उठले. पाणी खात्याला फोन करायचा राहिला.

१९ एप्रिल

सकाळी फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "कालच दुपारी एक म्हातारे प्रोफेसर स्वतः येऊन कागद देऊन गेले. तीन तास बसून होते साहेबांची वाट बघत. नळ आजच बंद करतोय."

२९ एप्रिल

मिळाली!

पत्र आलं. एकमताने. बाहेरच्या बाईंनी शेरा लिहिलाय, "स्वतःची चूक भर सभेत कबूल करण्याची दुर्मिळ सचोटी." तीनदा वाचलं. सचोटी! त्यांना काय माहीत मी का ओरडले. पण असू दे, पत्रात तसं आहे आणि पत्र खरं.

लाडोबाने दुसरीकडे नोकरी बघितलीय, परीक्षानळ्या विकायची. पेपराची दुरुस्ती पुढच्या अंकात येणार, पहिलं नाव माझं. मसुदा सरांनीच पाठवला, वर एक ओळही न लिहिता. पहिलं नाव माझं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी बोट फिरवून बघितलं.

सूड पुरा झाला असं म्हणतात ते याला. सकाळपासून म्हणून बघतेय.

६ मे

नव्या खोलीची किल्ली मिळाली. खिडकी मोठी आहे, कपाटं धुळीने भरलेली. फडका घेऊन पुसत होते तर फोन. अनोळखी नंबर.

होडीवाली. विभागातून नंबर मिळवला म्हणाली.

मला वाटलं आभार मानायला केला असेल. मी सुरुवातही तशीच केली, "मावशी, कळलं ना तुम्हाला, ते पाणी..."

"कळलं. टँकर येतो आता." मग थांबली. मागे मूल रडत होतं, बारीक, चिरका आवाज, आणि कोणीतरी त्याला थोपटत होतं. "डॉक्टर विचारतात, किती दिवस पाजलं. मी म्हटलं, जन्मल्यापासून. ते म्हणतात, कोणाला माहीत होतं का? म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला कधी कळलं बाई?"

पंचवीस मार्च म्हणता आलं असतं. आकडे तेव्हा आले, कोणीही मानलं असतं. अठरा एप्रिलही चाललं असतं. सगळ्या जगाला तेव्हाच कळलं.

"एकोणीस फेब्रुवारीला," मी म्हटलं. "तेव्हा शंका आली. खात्री नंतर."

"म्हणजे आमच्याकडे आलात त्याच्या आधी."

"हो."

"आणि एकोणीस फेब्रुवारीला नात जेमतेम आठवड्याची."

  ओरडेल असं वाटलं, शिव्या देईल, रडेल. तिने काहीच केलं नाही. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची असेल, आणि मग ती अगदी शांतपणे बोलली. तो शांतपणा मला चांगला ओळखीचा आहे.

"तुमचं पूर्ण नाव सांगा बाई. सावकाश सांगा. लिहून घेते."

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट.